पानमळ्याला उतरायचं

अभिनव खांबेटेला भीती वाटते, ही गोष्ट संघात सगळ्यांना ठाऊक होती आणि तिचं कोणाला काही वाटत नसे. कोणाला गुडघ्याचा त्रास असतो, कोणाला पित्ताचा; तसा अभिनवला भीतीचा होता. सामन्याआधी तो सारखा बाथरूमला पळायचा. तिथून पांढराफटक चेहरा घेऊन बाहेर आला की प्रशिक्षक संभाजी तुपे म्हणायचे, "चला, आपला माणूस तयार हाय," आणि संघ मैदानात उतरायचा.

संघाचं नाव पुणे रणगवे. खेळ अमेरिकन फुटबॉल. नावात फुटबॉल असला तरी या खेळात पायाचा आणि चेंडूचा संबंध क्वचितच येतो. चेंडू हातात घेऊन पळायचं किंवा पुढे फेकायचा, आणि समोरच्यांनी चेंडूवाल्याला उचलून आपटायचं. प्रत्येक डावाच्या सुरुवातीला चेंडू ज्याच्या हातात येतो त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. म्हणजे कोणाला आपटायचं हे शोधायला समोरच्यांना फार कष्ट पडत नाहीत. हा क्वार्टरबॅक म्हणजे अभिनव.

त्याने ही जागा मागितली नव्हती. खराडीतल्या कंपनीने एका सकाळी मेल पाठवून त्याला मोकळं केलं, त्याच आठवड्यात भीमराव शेठ नावाच्या बिल्डरने हा संघ विकत घेतल्याची जाहिरात आली. पगार महिन्याच्या महिन्याला होता. निवड चाचणीला तुपे सरांनी एकच प्रश्न विचारला, "अमेरिकेत कोण कोण राहून आलंय?" अभिनवने हात वर केला. ओहायोत दोन वर्षं तो मुख्यत्वे लायब्ररीत बसला होता, हे सांगायला त्याने तोंड उघडलं तोवर त्याच्या हातात लांबट चेंडू आला होता.

"चेंडूसुद्धा धड गोल नाही," कर्वेनगरच्या घरी आई सुशीलाबाई म्हणाल्या. "असल्या नोकरीत बढती कसली मिळणार? प्लास्टर?"

बढती मिळाली नाही, कारण अभिनवच्या पुढे मास्तर उभे असायचे.

मास्तर म्हणजे उत्तरेश्वर गदळे, बीड जिल्ह्यातल्या केजकडचे. स्वारगेट डेपोच्या सिटी बसवर कंत्राटी कंडक्टर होते, म्हणून मास्तर. वजन एकशेतीस किलो. बसमध्ये मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत तिकिटं फाडत निघाले की मधल्या उभ्या प्रवाशांना खाली उतरून पुन्हा चढावं लागे. तक्रारी वाढल्या, कंत्राट संपलं. चाचणीला आले तेव्हा तुपे सरांनी त्यांना काम समजावलं: वाकून, दोन पायांतून चेंडू मागे अभिनवला द्यायचा, मग ताठ उभं राहायचं आणि कोणालाही पुढे जाऊ द्यायचं नाही. मास्तरांनी विचारलं, "सुट्ट्याची कटकट नाही ना?" नाही म्हटल्यावर ते लगेच तयार झाले.

खेळाचे नियम मास्तरांना शेवटपर्यंत कळले नाहीत. प्रत्येक सामन्यानंतर ते टॉवेल खांद्यावर टाकून अभिनवकडे यायचे आणि विचारायचे, "सर, आपण जिंकलो का?" आणि जे उत्तर मिळेल त्याला "बरं झालं" म्हणायचे.

पहिले तीन सामने रणगवे हरले. क्वार्टरबॅकने ओरडून इशारा द्यायचा आणि ठरलेल्या शब्दाला चेंडू उचलायचा, अशी रीत असते. अभिनव पुस्तकातले इंग्रजी आकडे ओरडायचा. ते समोरच्यांनाही मोजता यायचे, त्यामुळे ते आधीच धावत सुटायचे. तिसऱ्या पराभवानंतर, बर्फ लावून पालथा पडलेल्या अभिनवला मास्तर म्हणाले, "सर, तुमचे आकडे माझ्या ध्यानात राहीना गेलेत. माझे स्टॉप ओरडा की."

तेव्हापासून रणगव्यांचा इशारा म्हणजे स्वारगेट–कर्वेनगर बस झाली. घोळक्यात अभिनव हळूच सांगायचा, "पानमळ्याला उतरायचं." मग रांगा लागल्या की खच्चून ओरडायचा, "स्वारगेट! सारसबाग! दांडेकर पूल! पानमळा!" आणि पानमळ्याच्या 'प'ला चेंडू त्याच्या हातात असायचा. कधी राजाराम पुलाला उतरायचं, कधी दांडेकर पुलाला. परगावच्या संघांना यातलं ओ की ठो कळेना. रणगवे जिंकायला लागले. आपण का जिंकतोय हे संघात फार थोड्यांना कळत होतं, पण जिंकताना ते कोणी विचारत नाही.

उपांत्य सामना हैदराबादशी होता. शेवटच्या काही मिनिटांत मास्तर वाकलेले असतानाच समोरचे दोघं एकदम त्यांच्यावर आले. हेल्मेटवर हेल्मेट आपटलं. मोठ्या देवळात कोणी नारळ फोडावा तसा आवाज आला आणि तो मागे उभ्या अभिनवच्या दाढांपर्यंत पोचला. मास्तर बसले. मग उठले, आणि शांतपणे चालत जाऊन हैदराबादच्या रांगेत उभे राहिले.

मैदानभर हशा पिकला. पहिल्या सामन्यातही ते असेच चुकून पलीकडे गेले होते.

संघाची डॉक्टर नम्रता पाटणकर पळत आली. "मास्तर, स्कोअर काय आहे?"

"तुम्हालाच ठावं, मॅडम."

"कोणाविरुद्ध खेळतोय आपण?"

"निळ्या बनेलवाल्यांच्या."

पुन्हा हशा. नम्रताही हसली. उरलेली मिनिटं मास्तर खेळले, रणगवे जिंकले, आणि भीमराव शेठने व्हीआयपी कक्षातून फेटा उडवला. नेहमीप्रमाणे टॉवेल टाकून मास्तर अभिनवकडे आले. "सर, आपण जिंकलो का?"

"जिंकलो, मास्तर. फायनल."

"बरं झालं."

थोड्या वेळाने, बुटांच्या नाड्या सोडताना त्यांनी पुन्हा तेच विचारलं. अभिनवला ते ऐकू आलं होतं. पण सगळे नाचत होते.

सोमवारी दुपारी सराव संपवून दोघं स्वारगेटला आले आणि कर्वेनगरच्या बसमध्ये चढले. मास्तर दांडेकर पुलाजवळ खोली घेऊन राहायचे. बसमध्ये ते कधी बसत नसत. मागच्या दाराशी दांडा धरून उभे राहायचे आणि खऱ्या कंडक्टरच्या आधी स्टॉप पुकारायचे. कंडक्टर चिडायचे. मास्तर म्हणायचे, "चुकलो असलो तर सांगा." ते कधी चुकलेले नसायचे.

त्या दिवशी मास्तर खिडकीशी जाऊन बसले. मांडीवर हात ठेवून, शहाण्या मुलासारखे.

सारसबाग आली आणि गेली. मास्तरांनी ती पुकारली नाही. दांडेकर पूल आला. बायका पिशव्या घेऊन उतरल्या, कंडक्टरने घंटा मारली, बस हलली. मास्तर खिडकीतून त्यांच्या स्वतःच्या गल्लीकडे पाहत होते. एखाद्या परक्या गावातून जाताना आपण पाहतो तसे.

"मास्तर, तुमचा स्टॉप गेला."

"असं होय?" मास्तर म्हणाले. मग जरा वेळाने, "सर, आपण जिंकलो का?"

"जिंकलो की. काल सांगितलं ना."

"बरं झालं."

राजाराम पुलावर बस गर्दीत अडकली. खाली नदीत जलपर्णी हिरवीगार पसरली होती. मास्तर वळले, आणि त्याच आवाजात, त्याच उत्सुकतेने, जणू हा प्रश्न जगात पहिल्यांदा विचारला जातोय अशा चेहऱ्याने म्हणाले, "सर, आपण जिंकलो का?"

अभिनवला भीती वाटली. ती त्याला रोजच वाटायची, पण ती ओळखीची होती. ही निराळी होती.

कर्वेनगरला बस रिकामी झाली. मास्तर उठेनात. कंडक्टर खिडकीशी येऊन म्हणाला, "अहो, शेवटचा स्टॉप. गाडी घरी घेऊन जायचा विचार आहे का?"

मास्तरांनी अभिनवची बाही धरली. वाकून, कोणी ऐकू नये म्हणून अगदी हळू, त्यांनी विचारलं, "सर, ह्या गाडीचा मास्तर कोण? मीच का?"

त्यांच्या हाताला घाम होता. एवढा मोठा हात, आणि अभिनवच्या बाहीला लटकलेला. मग एकदम ते हसले. "गंमत केली! भ्यालात ना?"

अभिनवही हसला. गंमत असावी असं त्याला फार वाटत होतं. त्याने त्यांना खाली उतरवलं आणि घरी सोडायला रिक्षा बघितली. पहिल्या रिक्षावाल्याने दांडेकर पुलाला यायला नकार दिला. त्या दुपारी एवढी एकच गोष्ट नेहमीसारखी होती.

गुरुवारी नम्रताने मास्तरांची पुन्हा तपासणी केली. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला ठरावीक प्रश्न विचारायचे, आणि सीझनच्या आधी त्याने दिलेल्या उत्तरांशी ताडून पाहायचं, अशी पद्धत होती. तुपे सर हाताची घडी घालून दाराशी उभे होते. अभिनवला मास्तरांनीच सोबत आणलं होतं; त्यांना एकट्याने जायचं नव्हतं.

"मागचा सामना कोणाशी झाला?"

"झाला कुणाशी तरी."

"शेवटचे गुण कोणी केले?"

मास्तरांनी अभिनवकडे पाहिलं.

"आपण जिंकलो की हरलो?"

"तेच तर मी सरांना विचारू लालो," मास्तर म्हणाले.

तुपे सर मोठ्याने हसले. "मॅडम, सीझनच्या आधीबी ह्याला यातलं एक येत नव्हतं, आताबी येत न्हाई. म्हंजे तब्येत कायम हाय. लिहा, फिट."

नम्रता हसली नाही. "तोच तर घोळ आहे, सर. ज्याला आधीच शून्य मिळालंय त्याचं कमी काय होणार? इथे निम्म्या संघाला स्कोअर कळत नाही. मी ओळखायचं कसं?" तिने मास्तरांच्या डोळ्यात टॉर्च मारला. मग टॉर्च बंद करून, कोणाकडेच न बघता म्हणाली, "मागच्या नोकरीत मी एक मुलगा पाहिला. रग्बीचा. डोक्याला मार बसला, सगळे म्हणाले ठीक आहे, मीही म्हणाले. पुढच्या शनिवारी साधा धक्का लागला त्याला. नुसता धक्का. उठून बसला, पाणी मागितलं. मी बाटली उघडेपर्यंत…" तिने टॉर्च खिशात टाकला. "पहिला मार बरा व्हायच्या आत दुसरा लागला की असं होतं. डोक्याचा फोटो काढून घ्या म्हटलं तर भीमराव शेठ म्हणतात फायनलनंतर काढू."

मग ती अभिनवकडे वळली. "तू त्यांच्याबरोबर सगळ्यात जास्त असतोस. काही वेगळं जाणवलं?"

आता अभिनवने खरं सांगायचं होतं. ते त्याच्या ओठांवर होतंही. पण त्याच्या डोळ्यांपुढे हिरा बोंद्रे आला.

हिरा बोंद्रे नागपूरच्या संघात होता, आणि रविवारी फायनल नागपूरशी होती. त्याने या सीझनमध्ये तीन क्वार्टरबॅक हॉस्पिटलात पोचवले होते. माणूस स्वभावाने अतिशय सभ्य. आपटून झालं की हाताने उठवायचा, अंगावरची माती झटकायचा आणि विचारायचा, "लागलं का रे भाऊ?" तिसऱ्या क्वार्टरबॅकचा व्हिडिओ अभिनवने पाहिला होता. आवाज बंद करून पाहिला, तरी आवाज आला. हिरा आणि अभिनव यांच्यामध्ये मास्तर उभे राहणार होते. मास्तर नसले तर साईनाथ उभा राहणार होता. साईनाथ हा मूळचा गोविंदा. कसबा पेठेतल्या मंडळात सगळ्यात वरच्या थरावर चढायचा. वरच्या थरावर का, तर वजनच नव्हतं.

"नाही," अभिनव म्हणाला. "नेहमीसारखेच आहेत मास्तर."

"बघा!" तुपे सर म्हणाले.

मास्तरांनी अभिनवच्या पाठीवर विश्वासाने थाप मारली. ती थाप अभिनवला रविवारपर्यंत लागत राहिली.

आतापर्यंत त्याला एकच भीती होती, ती आपली आपण सांभाळून होती. आता दोन झाल्या, आणि दोघींचं आपसात जमेना. हिराची भीती म्हणायची, गप्प बस. मास्तरांची भीती काहीच म्हणायची नाही. ती नुसती बाही धरून उभी राहायची. शुक्रवारी सरावानंतर मास्तरांनी चहावाल्याला पैसे दिले, चहा प्यायले, आणि पुन्हा पैसे द्यायला लागले. चहावाला प्रामाणिक होता म्हणून वाचले. शनिवारी हेल्मेट घालून ते सगळीकडे हेल्मेट शोधत होते. संघाची हसून पुरेवाट झाली. अभिनव बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिला.

"काय रे, जेवत का नाहीस?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"भीती वाटते."

"मग त्यात नवीन काय?" असं म्हणून त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग पोळी परत डब्यात ठेवली.

रविवारी भर दुपारी फायनल सुरू झाली. स्टँड भरले होते. पुणेकर प्रेक्षकांना नियम कळत नव्हते, पण खेळाडूंना काय काय येत नाही हे त्यांना स्वच्छ दिसत होतं आणि ते ओरडून सांगत होते. कडेला दोन स्ट्रेचरची रुग्णवाहिका उभी होती. आधी चेंडू नागपूरकडे होता; सात गुण करून झाल्यावर तो रणगव्यांना मिळाला.

घोळक्यात अभिनव म्हणाला, "पानमळ्याला उतरायचं." सगळ्यांनी माना हलवल्या. मास्तरांनीही.

रांगा लागल्या. मास्तर वाकले. त्यांच्या पलीकडे हिरा बोंद्रे दोन्ही मुठी मातीत रोवून बसला होता आणि अभिनवकडे बघून ओळखीचं हसत होता.

"स्वारगेट!" अभिनव ओरडला. "सारस…"

चेंडू सुटला. अभिनवचे हात अजून तयार नव्हते. चेंडू त्याच्या कानावरून मागे गेला. तो त्याच्यामागे पळाला, चेंडूवर पडला, आणि त्याच्यावर नागपूर पडलं. हिरा पोचला नाही, कारण तो मास्तरांना अडकला होता. तेवढं सुदैव.

"काय राव मास्तर! दोन स्टॉप आधीच उतरलात!" साईनाथ बाकावरून ओरडला.

दुसरा डाव. पुन्हा पानमळाच ठरला. अभिनवने मास्तरांच्या कानाशी जाऊन सांगितलं, "पानमळा. कळलं ना?"

"कळलं की."

"स्वारगेट! सारसबाग! दांडेकर पूल! पानमळा!"

काहीच झालं नाही. मास्तर वाकलेले तसेच. चेंडू जमिनीवर, बोटं चेंडूवर.

"पानमळा!" अभिनव ओरडला. "राजाराम पूल! कर्वेनगर!"

कर्वेनगर आलं, कोणीच उतरलं नाही. घड्याळ चाललं होतं. घाबरून अभिनव पुढे गेला, जिथे ही बस आजवर कधी गेली नव्हती. "वारजे! वारजे माळवाडी!"

स्टँडमधून एक म्हातारा ओरडला, "अहो, एनडीएपर्यंत न्या! पास आहे माझा!" हजारो माणसं हसली. पंचाची शिट्टी वाजली.

आणि मग मास्तरांनी, वाकलेल्या अवस्थेतच, दोन पायांमधून उलटं होऊन अभिनवकडे पाहिलं. हेल्मेटच्या जाळीतून त्यांचे डोळे दिसत होते. स्वारगेटच्या गर्दीत आईचा हात सुटलेल्या पोराचे असतात तसे.

"सर," ते म्हणाले, "कुठं उतरायचं?"

पलीकडून हिराने मान वर केली. त्याचं हसणं गेलं होतं. "काऊन रे भाऊ," तो म्हणाला, "बरं नाही का त्याले?"

समोरच्या हिरालासुद्धा कळलं होतं. अभिनवने दोन हातांनी थांबण्याची खूण केली आणि कडेच्या दिशेने ओरडला, "नम्रता!"

आधी तुपे सरच पोचले. "काय झालं? कोण पडलंय? कोणीच पडलं न्हाई तर थांबवलं कशाला?"

"मास्तरांना बाहेर काढा, सर. त्यांना काही आठवत नाहीये. हैदराबादच्या सामन्यापासून."

नम्रताने त्याच्याकडे पाहिलं. "गुरुवारी तर तू म्हणालास…"

"खोटं बोललो."

"का?"

अभिनवने हिराकडे बोट दाखवलं. हिराने आदराने मान लववली.

"हे बघ," तुपे सरांचा आवाज चढला, "भीमराव शेठ वर बसलाय, टीव्हीवाले आलेत, आणि तू मला आता डॉक्टरकी शिकवतो? त्याला कधी काय आठवत होतं?"

"स्टॉप आठवत होते," अभिनव म्हणाला. तो मास्तरांसमोर उभा राहिला. "मास्तर, स्वारगेट सुटलं. पुढे?"

मास्तर खूश झाले. सोपा प्रश्न होता. "सारसबाग."

"पुढे?"

मास्तरांचं तोंड उघडं राहिलं. शब्द तिथेच कुठेतरी असल्यासारखी त्यांनी जीभ फिरवली. बोटं हवेत वर गेली, डोक्यावरून जाणारी घंटेची दोरी शोधत. दोरी नव्हती. म्हाताऱ्याने पुन्हा काहीतरी विनोद केला, स्टँड हसला. मास्तर त्या आवाजाकडे वळले आणि हसले, सगळे हसतायत म्हणून.

तुपे सरांचा चेहरा उतरला. ते जवळ गेले. त्यांनी मास्तरांच्या हेल्मेटचा पट्टा सोडला, ते काढून त्यांच्या हातात दिलं आणि अगदी वेगळ्याच आवाजात म्हणाले, "दांडेकर पूल, बाबा. दांडेकर पूल. तुझं घर हाय तिथं."

"असं होय," मास्तर म्हणाले, आणि हातातल्या हेल्मेटमध्ये ओकले.

स्ट्रेचर आलं. मास्तरांना त्यावर घ्यायला दोन्ही संघांतले मिळून सहा जण लागले. डोक्याची बाजू हिराने धरली. रुग्णवाहिकेचं दार लागलं. अभिनव वाट बघत राहिला. गाडी हलली नाही.

"निघा ना!" नम्रता ड्रायव्हरला म्हणाली.

"निघता येत नाही, मॅडम. मैदानावर गाडी नसली तर सामना बंद करावा लागतो. दुसरी गाडी येतेय, ती आली की मी निघालो."

"कुठे आहे दुसरी?"

"हडपसरात. जत्रा आहे म्हणे रस्त्याला."

नम्रताने वर फोन लावला. भीमराव शेठचा निरोप आला: सामना बंद म्हणजे टीव्हीचा करार बंद, पेशंट शुद्धीत आहे, गाडीत एसी आहे, दहा-पंधरा मिनिटांनी काय होतं? नम्रताने फोन बंद केला. "काय होतं?" ती म्हणाली. "बाटली उघडायला किती वेळ लागतो?"

"माझ्या हातात असतं तर थांबलो असतो का, मॅडम?" ड्रायव्हर म्हणाला. "दोन बेड आहेत. एकच भरलाय. दोन्ही भरले की मात्र मला कोणी अडवू शकत नाही. तसा नियमच आहे."

सिक्स-सीटर भरल्याशिवाय सुटत नाही, हे अभिनवला लहानपणापासून माहीत होतं. आणि गाडी सुटायला उरलेली एक सीट कोणीतरी घ्यावी लागते, हेही.

पंचांनी शिट्टी वाजवली. तुपे सरांनी साईनाथला पुढे ढकललं. साईनाथ चेंडूवर वाकला तेव्हा त्याच्या डोक्यावरून पलीकडचा हिरा कमरेपर्यंत दिसत होता. मास्तर असताना आकाशसुद्धा दिसत नसे.

नाटक करायचा विचार अभिनवच्या मनात आला नाही, असं नाही. पण नाटक करायलाही आधी कोणीतरी धडकावं लागतं, आणि हिरा धडकला की नाटकाची गरज उरत नाही.

स्वारगेट म्हणताना 'स्वा' बाहेर पडला आणि 'रगेट' घशात राहिलं. तो पुन्हा ओरडला. "स्वारगेट! सारसबाग! दांडेकर पूल! पानमळा!"

साईनाथने चेंडू दिला, अचूक. आणि पुढच्याच क्षणी साईनाथ तिथे नव्हता. हिरा येत होता. सीझनभर अशा वेळी अभिनवचे पाय त्याला न विचारता पळत सुटायचे. आताही सुटले. त्याने ते थांबवले. तो चेंडू पोटाशी धरून उभा राहिला, डोळे मिटले, आणि आईने डब्यात परत ठेवलेली पोळी त्याला आठवली.

मग आभाळ आणि मैदान यांनी एकदा जागा बदलली.

"लागलं का रे भाऊ?" हिराचा चेहरा वर तरंगत होता. "पळाला काऊन नाहीस?"

"गाडी भरायची होती," अभिनव म्हणाला.

नम्रता गुडघ्यावर बसली होती. त्याच्या खांद्याचं हाड कातडीखाली भलत्याच ठिकाणी वर आलं होतं. तिने त्याच्या डोळ्यांत टॉर्च मारला. "स्कोअर काय आहे?"

"शून्य–सात. आपण हरतोय."

"कोणाविरुद्ध?"

"हे काय, समोर उभे आहेत त्यांच्याविरुद्ध. नागपूर."

"डोकं शाबूत आहे," नम्रता म्हणाली, आणि तिने वळून ड्रायव्हरला हाक मारली. "दुसरा बेड भरला!"

दोन स्ट्रेचरांच्या मधोमध नम्रता बसली. सायरन लागला. गाडी मैदानाच्या फाटकातून बाहेर पडली आणि पहिल्याच सिग्नलला अडकली. सायरन ऐकून पुढचे दुचाकीवाले मागे वळून बघत, आणि बघून झालं की पुन्हा पुढे बघत.

मास्तर डोळे मिटून पडले होते. नम्रताची बोटं त्यांच्या मनगटावर होती, आणि ती बोटं दाबत होती त्यापेक्षा जास्त घट्ट तिचे ओठ दाबलेले होते. "त्यांच्याशी बोलत राहा," ती अभिनवला म्हणाली. "उत्तरं देतायत तोवर मला कळेल. थांबू नकोस."

"मास्तर," अभिनव म्हणाला. बोलताना खांद्यातून कळ डोक्यापर्यंत जायची. "मास्तर, ऐकताय ना?"

"हं."

"स्वारगेट," अभिनव म्हणाला. "सारसबाग. दांडेकर पूल."

मास्तरांच्या कानशिलावरून वाहत होता तो घाम होता की डोळ्यातलं पाणी, हे कळत नव्हतं. गाडी थोडी हलली आणि पुन्हा थांबली. अभिनवने एक स्टॉप मुद्दाम गाळला.

"राजाराम पूल."

तो थांबला. आयुष्यात त्याने बऱ्याच गोष्टींची वाट पाहिली होती, आणि त्यातल्या बहुतेक येऊ नयेत म्हणून. ही यावी म्हणून पाहत होता. सायरन वाजत होता. नम्रताने मनगटावरची बोटं बदलली.

"पानमळा राहिला की, सर," मास्तर डोळे न उघडता म्हणाले. कंडक्टरच्या, जरा चिडलेल्या आवाजात.

अभिनवच्या तोंडातून हसू की हुंदका काहीतरी बाहेर पडलं. नम्रताने मान खाली घातली.

"हो, मास्तर. चुकलो. पानमळा."

सिग्नल सुटला. गाडी पुढे सरकली. मास्तरांनी डोळे उघडले, गाडीच्या पांढऱ्या छताकडे बघितलं, नम्रताकडे बघितलं, मग मान वळवून अभिनवकडे. ओळख लागावी म्हणून ते बराच वेळ बघत राहिले.

"सर," त्यांनी विचारलं, "ही गाडी कुठली?"

"आपलीच आहे, मास्तर," अभिनव म्हणाला, आणि पुन्हा स्वारगेटपासून सुरू केलं.